कुणाचंच काही अडत नाही, म्हणून सगळे खूश

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

५ जूनचा पर्यावरण दिन झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्याच पेपरांत एक पान ठरलेलं असतं. रोप हातात घेतलेले माजी नगरसेवक, रोप हातात घेतलेले बँकेचे मॅनेजर, हिरव्या टोप्या घातलेली शाळेतली पोरं, आणि एकेका रोपाला किमान सहा-सात हात लागलेले. ते पान मी दरवर्षी नीट वाचते, चेष्टा करायला नाही, कोण कोण आलं होतं ते बघायला. आणि गंमत अशी की त्या पानावर सगळेच असतात. टेकडी फोडून रस्ता काढा म्हणणारे असतात, नदीपात्रात राडारोडा टाकणारे असतात, आणि त्या दोघांविरुद्ध कोर्टात गेलेलेही असतात, सगळे एकाच पानावर एकसारखे हसताना. ज्या कार्यक्रमाला गावात एकाचाही विरोध नाही त्या कार्यक्रमाने कुणाचं काही बिघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो ना?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते की छोट्या छोट्या गोष्टींनीच मोठा बदल होतो, थेंबे थेंबे तळे साचे वगैरे. दुसरी म्हणते की ही सगळी फोटोसाठीची नाटकं आहेत, चीन-अमेरिका धूर सोडतायत आणि आपण कापडी पिशव्या मिरवतोय. मला दोन्ही पटत नाही. म्हणजे दोन्हींत थोडं थोडं खरं आहे पण दोघंही एक प्रश्न विचारतच नाहीत, की बाबा ह्या उपक्रमामुळे अडलं कुणाचं? माझं साधं मत झालंय, ज्या प्रतीकाने कुणाचं तरी काहीतरी अडतं त्यातून पुढे काहीतरी निघतं, आणि ज्याने कुणाचंच अडत नाही ते दरवर्षी त्याच तारखेला परत करावं लागतं.

बघा ना, अर्थ अवर. २००७ मध्ये सिडनीत सुरू झाला, मार्चमधल्या शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ दिवे बंद. जगभर पसरला, आपल्याकडेही आला, मोठमोठ्या इमारतींचे दिवे बंद केल्याचे फोटो येतात. आता त्या तासात अडतं कोणाचं? वीज कंपनीचं नाही, कोळसा खाणीचं नाही, एसी लावून मेणबत्ती पेटवणाऱ्याचं तर नाहीच नाही (असे लोक आहेत, मी बघितलेत). साडेनऊला बटण परत दाबलं की संपलं. वाईट काहीच नाही त्यात, पोरांना मजा येते, पण त्याच्याकडून बदलाची अपेक्षा करणं म्हणजे जरा जास्तच.

आणि दुसऱ्या बाजूला चिपको. तेही खरं तर प्रतीकच की, झाडाला मिठी मारायची, बस. पण २६ मार्च १९७४ ला आजच्या उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरा देवी आणि तिच्याबरोबरच्या बायका जंगलात जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा समोर ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी होती. त्या मिठीने ठेका अडला. सरकारला समिती नेमावी लागली, आणि पुढे १९८० च्या सुमारास त्या वेळच्या उत्तर प्रदेशातल्या हिमालयात व्यापारी तोडीवर १५ वर्षांची बंदी आली. आज पर्यावरण दिनाला झाडाला मिठी मारून सेल्फी काढतात, तीच मिठी, तेच झाड, फक्त समोर कुऱ्हाड नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या पुण्यात नदीकाठच्या झाडांसाठी ‘चलो चिपको’ म्हणून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मात्र समोर कुऱ्हाड होती, आणि म्हणूनच त्या दिवशी सगळे पक्ष फोटोला आले नाहीत. कोण आलं नाही यावरून पण बरंच कळतं.

आता आपल्या घरच्या विषयाकडे येते, गणपती. कारण प्रतीकाने काय होतं आणि काय होत नाही हे दोन्ही एकाच ठिकाणी बघायचं असेल तर पुण्याच्या विसर्जनाइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती दान करा म्हणून मोहीम सुरू केली तेव्हा लोकांनी कसल्या शिव्या दिल्या ते ज्यांचं वय आहे त्यांना आठवत असेल. डॉ. दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते घाटावर उभे, आणि लोक म्हणतायत आमच्या देवाला हात लावायचा नाही. म्हणजे अडत होतं, भावना अडत होती, मिरवणूक अडत होती. कोल्हापूरला पंचगंगेवर मूर्तिदान मात्र चांगलं रुजलं. पुण्यात महापालिकेने घाटांवर हौद बांधले, लोखंडी टाक्या ठेवल्या, निर्माल्य कलश आले, स्वयंसेवक ‘काका, हौदात करा ना’ म्हणत उभे राहायला लागले. मग मानाच्या गणपतींनीच हौदात विसर्जन करायला सुरुवात केली आणि तिथे बरंचसं काम फत्ते झालं, कारण कसब्याचा गणपती जिथे जातो तिथे आपला जायला काय हरकत आहे असं लोकांना वाटलं. २०२० मध्ये करोनात घाटच बंद, फिरते हौद दारात आले, आणि कित्येक घरांत बादलीत विसर्जन करायची जी सवय लागली ती आजपर्यंत टिकलीय. मध्ये एनसीएलच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, शास्त्रज्ञांच्या मदतीने अमोनियम बायकार्बोनेट वाटलं गेलं, पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) मूर्ती त्या पाण्यात दोन-तीन दिवसांत विरघळते, खाली खडूसारखा पांढरा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. शाळेत केमिस्ट्री आवडायची म्हणून मला हे सगळ्यात जास्त आवडलं होतं, बाल्कनीत बादली ठेवून रोज जाऊन बघायचे. वास मात्र भयंकर येतो, ते पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

तर हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. नदीत मूर्ती टाकणं जिथे पिढ्यानपिढ्या चालत आलंय तिथे लाखो लोकांनी सवय बदलली, ही काय छोटी गोष्ट नाही, आणि जे म्हणतात लोक कधी बदलत नाहीत त्यांनी अनंत चतुर्दशीला एखाद्या घाटावर जाऊन हौदाची रांग बघावी. (आमच्याकडे आता धातूची मूर्ती आहे आणि विसर्जन सुपारीचं करतो. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या, पार्थिव पूजा म्हणजे मातीचीच मूर्ती पाहिजे म्हणायच्या, आणि शास्त्र बघायला गेलं तर त्यांचंच बरोबर होतं. नदीकाठची माती घ्यायची, पूजा करायची, परत नदीला द्यायची, इतकं साधं होतं ते. पीओपी नंतर आलं, हलकं, स्वस्त, उंचच उंच.)

पण आता नदीकडे बघा. मुठा सुधारली का? मुळा-मुठेच्या संगमावर जाऊन उभं राहा, नाक सांगेल. उन्हाळ्यात जलपर्णीने नदी अशी हिरवीगार होते की लांबून क्रिकेटचं ग्राउंड वाटावं. आणि ह्याचं कारण गणपती नाहीच आहे. गणपती वर्षातून दहा दिवस, सांडपाणी ३६५ दिवस. २०१६ च्या जानेवारीत जपानच्या जायका या कर्ज देणाऱ्या संस्थेबरोबर करार झाला तेव्हाचे सरकारी आकडे असे होते की शहरातलं सांडपाणी दिवसाला साधारण ७४४ दशलक्ष लिटर आणि शुद्धीकरणाची क्षमता ४७७. राहिलेलं २६७ दशलक्ष लिटर गेलं कुठे, तर नदीत. मी आपला घरगुती हिशोब केला, दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज २६ हजार ७०० टँकर मैला. रोज! आणि तेही सगळी केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली असं धरून. ही तूट भरून काढायला ९९० कोटींचा प्रकल्प, ११ नवीन केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता, ८५ टक्के पैसे केंद्राकडून येणार, आणि २०२२ च्या जानेवारीपर्यंत पूर्ण होणार असं जाहीर झालं होतं. २०२२ चा जानेवारी आला आणि गेला, केंद्रं झाली नव्हती. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधान येऊन नदीसुधारणेचं भूमिपूजन मात्र करून गेले.

आता मला सांगा, त्या मधल्या सगळ्या वर्षांत अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बातमी काय येत होती? हौदात इतक्या मूर्ती, दान इतक्या, निर्माल्य इतके टन, पुणेकरांचा पर्यावरणपूरक विसर्जनाला उदंड प्रतिसाद. पुणेकर शाबासकी घेतात, महापालिका आभार मानते, सगळे खूश. नदी घाण कोण करतं, तर मूर्ती सोडणारा भाविक, आणि नदी वाचवतो कोण, तर हौद बांधणारी महापालिका, असं एक चित्र दरवर्षी रंगवलं जातं आणि ते बरोबर उलटं आहे हो! जी संस्था रोज हजारो टँकर सोडते ती दहा दिवस आपल्याला नदीचं महत्त्व शिकवते, आणि आपण ऐकून घेतो कारण आपल्या हातात शाडूची मूर्ती असते आणि आपल्याला फार छान वाटत असतं. मला प्रतीकाचा राग इथे येतो. नुसतं निरुपयोगी असतं तर चाललं असतं, पण ते हिशोब मागायची जागा अडवून बसतं.

आणि हेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत जातं, सोलापूरकर ते पितात. त्यांनी आपल्या इको-फ्रेंडली गणपतीचं कौतुक किती करावं हे त्यांनीच ठरवावं.

मूर्तींच्या बाबतीत कायद्यानेही वेगळीच गंमत केली. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाचे नियम केले, मे २०२० मध्ये सुधारून पीओपीवर बंदी घातली, ती लगेच वर्षभर पुढे ढकलली, मग कागदावरच राहिली. २०२५ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने अंमलबजावणी कराच म्हणून सांगितलं आणि पहिल्यांदा खरंच अडलं. माघी गणपतीच्या मुंबईतल्या काही मोठ्या मूर्ती विसर्जनाविना महिनोन्‌महिने झाकून ठेवायची वेळ आली. पेणच्या मूर्तिकारांच्या पोटावर आलं. मग काय, मोर्चे, निवेदनं, तज्ज्ञ समिती, जूनमध्ये मूर्ती बनवायला परवानगी मिळाली पण नैसर्गिक पाण्यात सोडायची नाही, जुलैमध्ये सहा फुटांवरच्या मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत, सहा फुटांपर्यंतच्या कृत्रिम तलावातच. तुम्हाला वाटेल ही माघार झाली. मला नाही वाटत. सहा महिन्यांत पीओपीवर जेवढी खरी चर्चा झाली तेवढी आधीच्या दहा वर्षांच्या पोस्टर स्पर्धांनी झाली नव्हती. मूर्तिकार, मंडळं, शास्त्रज्ञ, सरकार सगळ्यांना एका टेबलावर बसावं लागलं. फक्त एक खटकतं, की अडवलं कुणाला तर ज्याचं पोटच या एका सणावर आहे त्या मूर्तिकाराला. सांडपाणी सोडणाऱ्याला कुणी असं अडवलंय, की बाबा जोपर्यंत शुद्ध करत नाहीस तोपर्यंत नवीन बांधकामाला परवानगी नाही? तसं झालं तर एका वर्षात केंद्रं उभी राहतील, पैज लावते.

(जाता जाता, हौदातल्या आणि दान केलेल्या मूर्तींचं पुढे काय होतं हे पण कधीतरी विचारा. शहराबाहेरच्या खाणीत नेऊन सोडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. शाडू गोळा करून परत मूर्तिकारांना द्यायचं काम पुण्यात काही संस्था करतात, ते मला त्यातल्या त्यात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.)

आता कुणी म्हणेल बाई फारच निराशावादी आहेत. नाही हो. याच शहरात एक गोष्ट झालीय जी टिकलीय, आणि ती म्हणजे ओला-सुका कचरा वेगळा करणं. देशातल्या बऱ्याच शहरांत अजून दोन डब्यांचं फक्त पोस्टर लागतं, पुण्यात बऱ्याच भागांत खरंच वेगळा होतो, शंभर टक्के नाही, पण होतो. का? जनजागृतीमुळे? रॅलीमुळे? आमच्या पेठेत तेव्हा ढीगभर रॅल्या झाल्या होत्या, त्याने काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीमुळे. ऐंशीच्या दशकापासून अख्ख्या पुण्याचा कचरा त्या दोन गावांच्या उरावर, विहिरींचं पाणी नासलं, माश्या, वास, लग्नाला पोरी मिळेनात असं तिथले लोक सांगायचे. शेवटी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. एकदा नाही, परत परत. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली त्यानंतर तर तीन आठवडे गाड्या जाऊ दिल्या नाहीत आणि पुण्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर ढीग साचले. तेव्हा पुणेकरांना पहिल्यांदा कळलं की कचरा ‘बाहेर’ जात नाही, कुणाच्या तरी दारात जातो. महापालिकेला प्रकल्प शहरात विखरून न्यावे लागले, छोटे बायोगॅस प्रकल्प काढावे लागले (त्यातले किती नीट चालतात तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं पत्र लिहीन), वर्गीकरणाचा आग्रह धरावा लागला.

पण नुसतं अडवून भागत नाही, हेही तिथेच दिसतं. गाड्या परत सुरू झाल्या की लोक विसरतात. विसरू दिलं नाही ते कचरावेचक बायकांनी. १९९३ मध्ये बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आली, आज तीन हजारांहून जास्त लोक दारोदार जातात. आमच्या मजल्यावर येणाऱ्या मावशींनी माझ्या डस्टबिनमध्ये ओल्यात घातलेली दुधाची पिशवी दोन बोटांत धरून दाराच्या कडीला लटकवून ठेवली होती एकदा. काही बोलल्या नाहीत. कुठल्याही पर्यावरण दिनाच्या भाषणापेक्षा ते जास्त लागलं. आणि मुख्य म्हणजे त्या उद्या परत येणार होत्या, परवा पण. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम आली, तीही प्रतीकच आहे, एक लाल ठिपका, बास. पण त्या ठिपक्याने उद्या सकाळी कुणाच्या तरी उघड्या हाताला ते लागणार नाही, इतका सरळ संबंध आहे. असा संबंध दिसला की लोक करतात हो, भाषण लागत नाही.

आता झाडांबद्दल थोडंसं, कारण सुरुवात झाडांनी केली आणि तो विषय सोडला तर लोक म्हणतील सोयीचं तेवढंच लिहिलं. महाराष्ट्रात सरकारने २०१६ ला २ कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठेवलं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. लागवडीचे आकडे लक्ष्यापेक्षा जास्तच जाहीर व्हायचे. सरकार बदललं तशी त्याची चौकशी करायला आमदारांची समिती नेमायची घोषणाही झाली. माझं म्हणणं सोपं आहे, लावलेली झाडं मोजायची नाहीतच मुळी. तीन उन्हाळे काढलेली मोजायची. रोप लावायला एक सकाळ लागते, पहिल्या मे महिन्यात त्याला पाणी घालायला एक माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो, आणि त्या पगाराचा फोटो निघत नाही. खड्डा तोच आणि रोप नवीन हा विनोद आता इतका जुना झालाय की त्यावर कुणी हसतही नाही.

तेच प्लास्टिकचं. २३ जून २०१८ ला बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि कैद, असला कडक कायदा की भाजीवाले थरथर कापत होते. आठवडाभरात किराणावाल्यांच्या पॅकिंगला सवलत. दुधाच्या पिशव्या अनामत घेऊन परत घ्यायची योजना होती, तुम्ही कधी एक तरी पिशवी परत देऊन पैसे घेतलेत का? मोठ्या कंपनीचं अडायच्या आत सवलत आली, भाजीवालीचं मात्र अडत राहिलं, आणि ती बिचारी पातळ पिशव्या गोणपाटाखाली लपवून द्यायला लागली. आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात लग्नामुंजीत, सेमिनारमध्ये मिळालेल्या ‘से नो टू प्लास्टिक’ छापलेल्या कापडी पिशव्यांचा एक गठ्ठा आहे.

श्रमदानाचं तरी काय वेगळं आहे. टिकाव-फावडं घेऊन फोटो गावोगाव निघाले. हिवरे बाजार मात्र टिकलं, कारण तिथे पोपटराव पवारांच्या गावाने श्रमदानाच्या बरोबरीने ऊस नाही लावायचा, शेतीला बोअर नाही मारायचं, कुऱ्हाड बंद, चराई बंद असं ठरवलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले. ऊस नाही म्हटल्यावर गावातल्या पैसेवाल्याचं अडतं. ते अडू द्यायची गावाची तयारी होती, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

म्हणून माझं मुलांना सांगणं असं नाही की शपथ घेऊ नका. ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ऐकत आमची पिढी मोठी झाली, फटाके न वाजवायची शपथ घेतलेली मुलं घरी येऊन बापाशी भांडतात तेव्हा घरात खरंच काहीतरी अडतं आणि फटाक्यांचं बजेट कमी होतं, मी बघितलंय हे. मुलांचं प्रतीक चालतं कारण त्यांच्या हातात दुसरं काही नसतं. महापौर आणि आयुक्तांच्या हातात मात्र बजेट असतं, सही असते, परवानगी नाकारायचा अधिकार असतो. त्यांनी पण शपथच घ्यायची म्हटल्यावर मग काम कोण करणार? ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने प्रतीकात्मक काही केलं की मला तरी लगेच शंका येते, याने काय करायचं टाळलं असेल.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं असेल तर झाडांचा आणि प्लास्टिकचा भाग कापा, चालेल, सांडपाण्याचा कापू नका. आणि एक विनंती आहे. पावसाळ्यात तुम्ही खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचा पाणीसाठा रोज चौकटीत छापता, आम्ही सगळे सकाळी चहाबरोबर तो आधी बघतो आणि धरण भरलं की एकमेकांना फोन करतो. त्याच चौकटीत खाली एक ओळ वाढवा. काल शहरात किती दशलक्ष लिटर सांडपाणी तयार झालं, किती शुद्ध केलं, किती तसंच सोडलं. रोज छापा, रविवारी पण. आकडा महापालिकेने दिला नाही तर ‘आकडा मिळाला नाही’ असं छापा, पण जागा रिकामी ठेवू नका. आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हौदातल्या मूर्तींचा आकडा पहिल्या पानावर घ्याल तेव्हा ही ओळ पण त्याच्या शेजारीच घ्या, तेवढ्याच मोठ्या टायपात.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सिंहगड रोड, पुणे